एका कोंबडीत किती रक्त असतं?

ज्या दिवशी डॉक्टरांनी प्रिस्का गेल्याचं सांगितलं, त्या दिवशी दुलोने हॉस्पिटलच्या दारात सगळ्या नातेवाइकांसमोर एक वाक्य बोलून टाकलं. "तिला मी तिच्या गावी नेणार, आणि माझ्याच व्हॅनमधून नेणार. कुणाची गाडी मागायची नाही."

प्रिस्काचं गाव कांतिपा, डोंगरात. चाळिसाव्या दिवशी आपल्या राखेचा कलश आईशेजारी पुरावा, असं तिने स्वतः सांगून ठेवलं होतं. तिथल्या लहानशा चर्चमध्ये पाद्री महिन्यातून एकदा मोटरसायकलवरून यायचे आणि अकराच्या ठोक्याला पुढच्या गावाला निघायचे. त्यांची फेरी नेमकी चाळिसाव्या दिवशी येत होती. म्हणजे अकराच्या आत पोहोचायचं, नाहीतर कलश घेऊन परत फिरायचं.

दुलोला त्यात काही अवघड वाटलं नाही. सव्वीस वर्षं त्याने फिलिपिन्सच्या सेबू बेटावरच्या रस्त्यांवर प्रवासी जीप चालवली होती. आणि व्हॅन तर ऑटोमॅटिक! क्लच नाही, गिअर बदलणं नाही. "ही गाडी माझी सासूसुद्धा चालवेल," असं तो सगळ्यांना सांगत असे. सासू वारून अकरा वर्षं झाली होती.

व्हॅन जपानहून आलेली, जुनी. जानेवारीत घेतली, तेव्हा रिवाजाप्रमाणे पहिल्याच दिवशी कोंबडी कापून तिचं रक्त चारी चाकांना आणि बंपरला लावलं. एकदा रक्त दिलं की गाडी पुढे माणसाचं मागत नाही. कोंबडीचं सूप अख्ख्या गल्लीने प्यायलं. दुसऱ्या दिवशी गाडीखाली चार लाल थेंब दिसले. दुलोची छाती फुगली. गाडीला रक्त भरपूर पोहोचलंय, असं त्याने जाहीर केलं.

तिसऱ्या आठवड्यातही थेंब पडतच होते. मग प्रिस्काने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवला. रोज सकाळी ती वाकून प्रत्येक थेंबाभोवती पेन्सिलने गोल काढायची आणि शेजारी तारीख लिहायची. मार्चमध्ये एकदा ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "दुलो, एका कोंबडीत किती रक्त असतं?"

"चांगली जाड होती," दुलो म्हणाला.

मे महिन्यात ती गेली. तिची मोठी बहीण देन्सिया, जिला सगळे मानाने 'नांग' म्हणायचे, तिने लगेच कारण शोधलं: एका कोंबडीने गाडीचं पोट भरलं नव्हतं. त्यामुळे चाळिसाव्या दिवशी व्हॅन निघाली तेव्हा आत सात नातेवाईक होते, भाताचं मोठं पातेलं होतं, केळीच्या पानात गुंडाळलेलं अख्खं भाजलेलं डुक्कर होतं, नांगच्या मांडीवर कलश होता, आणि तिच्या पायाशी टोपलीत एक जिवंत कोंबडी होती. असावी आपली जवळ, असं नांगचं म्हणणं. मागच्या बाकावर दुलोचा जुना मित्र बास्तियान घोरत होता. बास्तियान मेकॅनिक. गाडी घेतल्यापासून त्याला बॉनेट उघडायचं होतं, पण दुलोने हात लावू दिला नव्हता.

सपाट रस्त्यावर व्हॅन मांजरीसारखी चालली. दहा वाजून पाच मिनिटांनी चढ लागला आणि इंजिन एकदम ओरडायला लागलं. आवाज विमानाचा, वेग बैलगाडीचा. दुलोने पाय आणखी दाबला. आवाज वाढला, वेग कमी झाला. मग व्हॅन थांबली, तिने जरा विचार केला, आणि मागे सरकायला लागली.

उजव्या हाताला दरी होती. दुलोचा डावा पाय जिवाच्या आकांताने क्लच शोधत होता. सव्वीस वर्षांची सवय! जिथे क्लच नव्हताच तिथे त्याने तीनदा लाथ मारली. शेवटी ब्रेक सापडला. मागचं चाक कडेपासून हातभर अंतरावर थांबलं.

घोरणाऱ्या बास्तियानला सोडून सगळे उतरले आणि त्यांनी चाकांना दगड लावले. कुणी म्हणालं इंजिन तापलंय, कुणी म्हणालं डुक्कर जड झालंय. नांगने वाद घातला नाही. तिने कलश दुलोच्या हातात दिला, टोपली उघडली आणि दोन मिनिटांत चारी चाकं लाल करून टाकली. दुलोने गाडी चालू करून पुन्हा पुढचा गिअर टाकला. इंजिन ओरडलं. व्हॅन जागची हलली नाही.

साडेदहा झाले होते. आता कुठे बास्तियान डोळे चोळत खाली उतरला. गाडीखाली बघतो तर खाटीकखाना! तो आडवा होऊन आत सरकला. एका थेंबाला बोट लावून त्याने नाकाशी नेलं.

"हे कोंबडीचं," आतून आवाज आला. थोड्या वेळाने म्हणाला, "हे कोंबडीचं नाही."

नांगने छातीवर क्रूस काढला. "मग कुणाचं?"

"गिअरबॉक्सचं, नांग. ऑटोमॅटिकच्या गिअरचं तेल लालच असतं."

सगळ्यांनी दुलोकडे बघितलं. त्याच्या जीपच्या गिअरचं तेल काळपट असायचं. लाल तेल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

बास्तियानने तेल मोजायची पट्टी ओढून काढली. नुसत्या टोकाला ओल होती, आणि तिला करपलेल्या भाताचा वास येत होता. नांगने खायच्या तेलाची बाटली पुढे केली. बास्तियानने ती शांतपणे परत तिच्या पिशवीत ठेवली.

"कधीपासून गळतंय?"

"जानेवारीपासून."

"आणि कुणाला दिसलं नाही?"

"प्रिस्काला दिसलं," दुलो म्हणाला. "तारखेवार."

बास्तियानने दुलोला रिव्हर्स टाकून बघायला सांगितलं. गाडीने मागे चांगला हिसका दिला. बास्तियान म्हणाला, तेल कमी असलं की पुढच्या गिअरची पकड सुटते. मागच्या गिअरला दाब जास्त असतो, तो अजून धरतोय. पण तोही किती वेळ धरेल सांगता येत नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी फिरवायची आणि उलटं वर जायचं. आणि दुलो, एकदा निघालास की थांबायचं नाही. देव आला तरी."

सात जणांनी ढकलून व्हॅन फिरवली. मग दुलो मान मागे वळवून, दोन किलोमीटर, डोंगर उलटा चढायला लागला. मागच्या काचेशी नांग, कलश पोटाशी धरून, रस्ता सांगत होती. "डावीकडे घे. तुझं डावं नव्हे रे, माझं. दरी इकडे आहे, इकडे!" गाडीचं नाक खाली झाल्यामुळे डुक्कर घसरत पुढे आलं आणि दुलोच्या खांद्यावर तोंड टेकून बसलं. ते बाजूला करायला दुलोला हात रिकामा नव्हता. सव्वीस वर्षांत शेजारी बसलेल्या कुणी त्याला इतकी निमूट सोबत केली नव्हती. प्रिस्का असती तर पहिल्याच वळणावर बोलली असती.

अकराला दोन मिनिटं असताना वरून मोटरसायकल आली. पाद्रीच! आज कांतिपाला कुणी येत नाही असं समजून ते जरा लवकरच निघाले होते. त्यांना पुढे एका व्हॅनची पाठ दिसली. आपल्यासारखीच उतरतेय असं वाटून त्यांनी बाजू मागायला हॉर्न दिला. पण उतरणारी गाडी लांब जायच्या ऐवजी मोठी मोठी होत चालली. मागच्या काचेत एक म्हातारी कलश हलवून काहीतरी ओरडत होती.

"थांबू का?" दुलोने विचारलं.

"थांबू नकोस," बास्तियान म्हणाला.

पाद्रींनी मोटरसायकल जागच्या जागी वळवली आणि आल्या वाटेने धूम ठोकली. व्हॅनने त्यांना थेट चर्चच्या दारापर्यंत हाकत नेलं. तिथे चढ संपला, गिअर संपला आणि दुलोची मानही आखडली. कलश पुरताना त्याचं तोंड एका बाजूलाच वळलेलं होतं. पाद्री त्याच्याकडे बघायचं टाळत होते. पण प्रिस्का आईशेजारी पोहोचली.

दुसऱ्या दिवशी बास्तियानने तेल आणून भरलं आणि गाडी सरळ तोंडाने घरी आली. पुठ्ठा तिथेच पडला होता. शेवटचा गोल सतरा मेचा. त्यानंतरचे थेंब एकमेकांत मिसळून गेले होते. बास्तियानने सांगितलं, गिअरबॉक्सच्या मागचं एक सील गेलंय, दुपारभराचं काम आहे, शनिवारी घेऊन ये. त्याला अकरा शनिवार झाले. दुलो आठवड्याला तेल भरतो, नवा पुठ्ठा सरकवतो, आणि रोज सकाळी पेन्सिल घेऊन खाली वाकतो. त्याचे गोल काही गोल येत नाहीत.

सील अजून बदललेलं नाही.