भांडणाचं पाणी

भिंगारच्या करीमचाचांच्या बागेत भांडल्याशिवाय कुणाच्या वाफ्याला पाणी मिळत नसे.

चाचांनी छावणीतल्या बंगल्यांवर माळीकाम करून म्हातारपण गाठलेलं. लढाईचे दिवस, भाजी महाग. त्यांनी विहिरीमागची पडीक जागा साफ केली आणि आळीतल्या आम्हा पोरांना एकेक वाफा दिला. नियम एकच. आपल्या वाफ्याला आपण पाणी घालायचं नाही. ज्याच्याशी भांडण झालं, त्यानं दुसऱ्या दिवशी आपल्या वाफ्याला घालायचं, आपण त्याच्या.

‘आपल्या रोपाला पानी कुनी बी घालतं,’ चाचा म्हणत, ‘दुश्मनाच्या वांग्याला घाला. त्ये लई गोड लागतं.’

आमच्या आळीत भांडणाचा दुष्काळ कधी पडला नाही. गंग्यानं माझा दात पाडला आणि दुसऱ्या दिवशी मी रडत रडत त्याच्या गवारीला पाणी घातलं. असं महिनाभर चाललं. गवार फुलली तेव्हा माझ्या तोंडून ‘आपली गवार’ असं निघून गेलं. गंग्यानं त्यावरूनही भांडण काढलं.

फाटकाजवळचा चाचांचा स्वतःचा वाफा मात्र कायम वाळलेला. दरसाल ते त्यात कागदी लिंबाच्या बिया टोचत. पावसात चार कोंब येत, उन्हात जळून जात.

‘चाचा, आम्ही घालतो की पाणी.’

‘तुझं-माझं भांडन हाय का?’

‘नाही.’

‘मग झारी ठिव खाली.’

एकदा गंग्या छाती काढून म्हणाला, ‘चाचा, तुमी गाढव हाय!’ चाचा ठसका लागेपर्यंत हसले. ‘ह्ये भांडन न्हाई बेटा, लाड हाय.’

चाचांचं खरं भांडण एकाशीच होतं. धाकटा भाऊ बशीर, भिंगारच्याच बाजारातला कल्हईवाला. भट्टीला जागा हवी म्हणून त्यानं आईनं लावलेलं अंगणातलं लिंबाचं झाड तोडलं. त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून चाचा कल्हईची भांडी डोक्यावर घेऊन थेट नगरला चालत जात.

मी मॅट्रिक झालो. आमच्या घरात एवढं शिकलेला मी पहिलाच. कॉलेजसाठी पुण्याला निघण्याआधी चाचांचा तो वाफा ओला बघायचाच, असं मनाशी ठरवलं. बागेतली चाचांची झारी गळत होती. डाग द्यायला ती मी नगरला नेली नाही, बशीरचाचांकडे नेली.

झारी बघताच त्यांनी ओळखली. ‘त्याच्या वाफ्यात काय हाय?’

‘लिंबाच्या बिया. पण पाणी नाही.’ मी बागेचा नियम सांगितला.

त्यांचा भाता थांबला. ‘झारी ऱ्हाऊ दे हितंच,’ एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झारी घेऊन ते स्वतः फाटकात उभे.  विहिरीवरून झारी भरली आणि वाफ्यात रिती केली. चाचा एकटक बघत होते. मग दोन पावलं पुढे आले. आता गळ्यात पडतात, असं मला वाटलं.

‘पानी घालतोस का भांडी इसळतोस?’ चाचा ओरडले. ‘समदी माती व्हाऊन गेली!’

‘आन् तू सात वर्सं वाळवलंस, त्ये चालतं व्हय?’

‘तुला झाडातलं काय कळतंय?’

रस्त्यावरची माणसं थांबेपर्यंत जुंपली. शेवटी बशीरचाचा पाय आपटत निघून गेले. माझा सगळा खटाटोप मातीत गेला.

‘चाचा, आता कशाला भांडलात?’

चाचा उकिडवे बसून ओल्या मातीवरून हात फिरवत होते.

‘येडा हायेस,’ ते हळूच म्हणाले. ‘न्हाईतर उद्या त्यो कशाला आला असता?’