डब्यातली अन्नशुद्धी

“अन्नशुद्धी पडल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही. आणि या घरातून डबा गेला, तर तोही तसा कोरडा जायचा नाही.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा वासंतीबाई नव्या नवरी होत्या आणि त्यांनी मान डोलावली होती. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण डोलावलेली मान काही परत घेता येत नाही. रोज पानं वाढून झाली की त्या लहान चमच्याच्या टोकावर साजूक तूप घेत, भाताच्या प्रत्येक मुदीवर थेंबभर सोडत आणि मगच म्हणत, “बसा आता.” शनिवारी मारुतीला रुईची माळ, गुरुवारी दुपारपर्यंत मौन, चातुर्मासात एखादा जिन्नस वर्ज्य आणि रोज अन्नशुद्धी. दाराला कडी लावताना माणूस विचार करत नाही, तसंच हे होतं.

त्यांची मुलगी शालू खराडीतल्या एका कंपनीत होती. कंपनीनं तिचा विभागच बंद केला, तेव्हा ती भाड्याची खोली सोडून बिबवेवाडीला आईवडिलांकडे परत आली. सोबत दोन बॅगा, एक उशी आणि बदामाच्या दुधाचे खोके होते. ती व्हीगन झाली होती. म्हणजे काय, ते तिनं पहिल्याच जेवणाला समजावून सांगितलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर काही नाही. मधसुद्धा नाही.

“मध का नाही?” गोपाळकृष्णांनी विचारलं. ते शालूचे वडील, निवृत्त हेडक्लार्क.

“मधमाश्यांवर अन्याय होतो, बाबा.”

“त्यांचा तसा अर्ज आलाय का?”

बदामाचं दूध लवकरच संपलं. नवीन खोका आणायला गोपाळकृष्ण स्वतः गेले आणि भाव वाचून हात हलवत परत आले. यापेक्षा गायीला बदाम चारून तिचं दूध काढणं स्वस्त पडेल, असं त्यांनी सांगितलं. घरखर्चाची रक्कम ते निवृत्त झाल्यापासून तीच होती. महागाई ही सरकारची बाब आहे, आपली नव्हे, असं त्यांचं धोरण होतं.

संध्याकाळी शालू स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, नोकरी गेली, खोली गेली. सगळं हातातनं सुटलंय. निदान हे एवढं तरी मला पाळायचंय.”

दुसरा कुठलाही शब्द वापरला असता तर वासंतीबाईंनी तिची समजूत घातली असती. पण पाळायचंय म्हटल्यावर त्यांना पुढचं काही विचारायचं राहिलं नाही. त्यांच्या दृष्टीनं हे सरळसरळ व्रत होतं, फक्त उद्यापनाची तारीख ठरलेली नव्हती. त्यांनी देवापुढच्या समईची वात सारखी केली आणि म्हणाल्या, “देवासमोर सांगते. माझ्या हातून तुझ्या पानात दुधातुपाचा थेंब पडायचा नाही. आणि खर्चही वाढायचा नाही.”

त्याप्रमाणे सगळं सुरू झालं. कढीच्या जागी आमसुलाचं सार आलं, कोशिंबिरीत दह्याऐवजी लिंबू आणि दाण्याचं कूट. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, कुळथाचं पिठलं, तिळाची चटणी, गूळदाण्याचे लाडू. भाजी आणायला त्या बसनं मंडईत जात, तेही संध्याकाळी उशिरा, भाज्या आणि भाजीवाल्या दोघीही दमलेल्या असताना. किराण्याचं बिल उतरलं. ते गोपाळकृष्णांनी दोनदा वाचलं आणि व्हीगन धर्मात तथ्य आहे, असं मान्य केलं.

त्यांचा स्वतःचा चहा मात्र दुधाचाच होता. मागच्या गल्लीतल्या तुळजाबाईंच्या म्हशीचं ते दूध. त्याची साय साठवून वासंतीबाई तूप कढवत. विकत आणलेलं नसल्यामुळे ते तूप कुणाच्या हिशेबात नव्हतं.

शालू नियमाला फार कडक होती. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाचायची. ब्रेडमध्ये दुधाची भुकटी सापडली म्हणून तिनं ब्रेड परत पाठवला. जेवताना आई दुसऱ्यांदा भात वाढायला आली की आपणहून पानावर हात आडवा धरून म्हणायची, “तूप नको हं.” आणि वासंतीबाईही म्हणायच्या, “नाही गं बाई, वाढत नाहीये.”

पहिल्या भातावर थेंब पडलेला असे, त्याकडे दोघींचं लक्ष नव्हतं, असं म्हणणं बरोबर नाही. लक्ष होतं. तो पडेपर्यंत शालू जेवायला सुरुवातच करत नसे. पण त्या घरात तूप म्हणजे जे मागून घ्यायचं ते. न मागता जे पडायचं, ती अन्नशुद्धी.

शालूनं आपल्या ताटाचा फोटो खराडीतल्या मित्रमंडळींना पाठवला. त्यांच्यातले काही जण व्हीगन होते आणि रोज दुपारी सॅलडची महागडी पानं चघळून कंटाळले होते. त्यांचा म्होरक्या श्यामसुंदर. त्यानं विचारलं, काकू डबे देतील का? काकू देऊ लागल्या. तुळजाबाईंचा मुलगा संपत रोज सकाळी खराडीतल्या चहाच्या टपऱ्यांना दूध घालायला मोटरसायकलवरून जायचा. व्हीगन मंडळींचे डबे त्याच्या दुधाच्या दोन कॅनच्या मधोमध लटकून जाऊ लागले. डब्यांच्या पैशांतून महिन्याचा किराणा सुटू लागला आणि शालू पुन्हा मान वर करून चालू लागली.

मग थंडी पडली.

एका दुपारी शालूच्या मोबाइलवर श्यामसुंदरचा मेसेज आला. काकूंच्या भातावर मध्यभागी एक पांढरा दाणेदार ठिपका असतो, तो अफाट लागतो, आम्ही त्यावरून भांडतो. नारळाची क्रीम का?

शालूनं उत्साहानं लिहायला घेतलं, ‘अरे, क्रीम कुठली? आमच्याकडे आई अन्नशुद्धी घालते. अन्नशुद्धी म्हणजे’

इथे तिचा अंगठा थांबला.

“आई.”

“काय गं?”

“अन्नशुद्धी कशाची असते?”

“तुपाची. आणखी कशाची असणार?” वासंतीबाई म्हणाल्या, आणि म्हटल्यानंतर त्यांनी ते ऐकलं. त्यांनी हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

शालू वडिलांकडे वळली. “बाबा, तुम्हाला दिसत होतं?”

“रोज.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, सूट आहे. नियम जितका कडक तितकी सूट मोठी. मी जन्म ऑफिसात काढलाय.”

वासंतीबाई देवासमोर जाऊन बसल्या. तूप पोटात गेलं याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. तूप वाईट, असं त्या कधीच म्हणाल्या नसत्या. पण त्यांनी याच समईपुढे शब्द दिला होता आणि त्याच हातानं रोज मोडला होता. वर परक्यांच्या मुलांचं व्रतही मोडलं होतं. उद्यापासून तूप घालायचं नाही, हे ठरलं. पण अन्नशुद्धीशिवाय डबा घराबाहेर जायचा नाही, हे त्याच्या आधी ठरलेलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी डबे गेलेच नाहीत. शालूनं कळवलं, की आईला बरं नाही. वासंतीबाईंना तिनं असं काही कळवलंय हे माहीत नव्हतं. त्यांनी शालूला एवढंच सांगितलं होतं, की मुलांना खरं काय ते सांगून टाक.

त्या दीनानाथ गुरुजींना विचारायला देवळात गेल्या. तुपाशिवाय अन्नशुद्धी होते का? गुरुजी म्हणाले, तुळशीचं पान ठेवा, भोवती पाणी फिरवा, देव समजून घेतो. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “तूप बंद केलंत म्हणता. घरी सगळं ठीक आहे ना?”

तेवढ्यात आरतीची घंटा सुरू झाली. वासंतीबाईंनी हात जोडले आणि डोळे मिटले. गुरुजींनी जे समजायचं ते समजून घेतलं.

संध्याकाळी देवळातली बातमी ऐकून तुळजाबाई तुपाचा मोठा डबा घेऊन दारात उभ्या. “वहिनी, लेकीची नोकरी गेली म्हणून कुनी तूप सोडतंय व्हय? ठिवा ह्ये. आपल्याच म्हशीचं हाय. पैशाचं नाव काढायचं न्हाई.”

हे गरिबीमुळे नव्हे, हे वासंतीबाईंनी परोपरीनं सांगितलं. पण मधमाश्यांपर्यंत आल्यावर तुळजाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “व्हईल समदं नीट.”

“ठेवून घे,” गोपाळकृष्ण आतून म्हणाले. “माणसाचं मन मोडू नये.”

पुढच्या दिवशी डबे तुळशीचं पान लावून गेले. दुपारी श्यामसुंदरचा मेसेज आला. पान दिसायला छान आहे, पण भातात जीव नाही. काकूंना म्हणावं, ते पांढरं परत घाला, आम्ही वर पैसे देऊ.

रात्रीच्या जेवणाला शालू बोटांनी भात चिवडत होती. तिनं तुळशीचं पान एका कडेला केलं, मग दुसऱ्या. “आई, थेंबानं काय होतं गं? इतके दिवस झालंच ना.”

वासंतीबाईंचा वाढता हात थांबला. “मुलांना सांगितलंस ना तू?”

शालूनं पानाच्या शिरा निरखल्या. “सांगितलं तर डबे बंद होतील.”

“होतील.”

“मग किराणा?”

गोपाळकृष्णांनी घसा साफ केला. “तुळजाबाईंचं तूप घरात आयतं पडलंय. खराडीत जाऊन तपासणार कोण?”

म्हणजे दोन मतं एका बाजूला होती. वासंतीबाई पुन्हा वाढू लागल्या. दोघांना ती संमती वाटली.

सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर उठल्या. पूजा केली, स्वयंपाक केला, मुदींवर तुळस ठेवली, पाणी फिरवलं. तुळजाबाईंचं सगळं तूप एका कासंडीत ओतलं. ते जाताजाता देवळात नंदादीपाला द्यायचं होतं. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून तुपाच्या डब्यात तिळाचे लाडू भरले. मग इस्त्रीची साडी नेसल्या.

संपत आला. “काकू, द्या डबे.”

“घे. पण मी पोचेपर्यंत उघडू नका म्हणावं. मी बसनं येतेय.”

“तुमी? खराडीला? कशापायी?”

“आधी सांगायचंय. मग त्यांनी जेवायचं की नाही ते ठरवावं.”

संपतनं शालूकडे पाहिलं. शालूनं दाराच्या कडीकडे पाहिलं. “आई, मी करते ना मेसेज,” ती हळू आवाजात म्हणाली.

“तुझ्या पानाचा शब्द मी दिला होता, त्या मुलांचंही मीच बघते. तू जेवून घे. पानं वाढलीयेत दोघांची.” त्यांनी चपला घातल्या, एका हातात कासंडी आणि दुसऱ्यात लाडवांच्या डब्याची पिशवी घेतली आणि जिना उतरल्या.

आत गोपाळकृष्ण आणि शालू समोरासमोर पानांवर बसले. वरण वाफाळत होतं, मुदीवर तुळशीचं पान होतं. दोघांपैकी कुणीच हात घातला नाही. थोड्या वेळानं ते कशासाठी थांबलेत, हे दोघांच्याही लक्षात आलं.

खाली वासंतीबाई बसथांब्याकडे निघाल्या होत्या. अनोळखी माणसांशी मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून जपाच्या चालीवर त्या तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या, “मुलांनो, तुमच्या भातावर तूप होतं.”