आठवडाभर पुरे!

"एक आठवडा! बास! त्याहून जास्त अभ्यास मला लागतच नाही!"

धाकटीने जेवणाच्या टेबलावर हे जाहीर केलं आणि थोरलीचा घास हातातच राहिला. थोरली इस्पितळात एका वॉर्डाची मुख्य नर्स. तिथली एक जागा तिने वरिष्ठांच्या हातापाया पडून धाकटीसाठी धरून ठेवली होती. नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा पास झाली, तर जागा धाकटीची. नापास झाली, तर जागा दुसऱ्या कुणाची, आणि वॉर्डात थोरलीचं नाक कापलं जाणार ते वेगळंच!

"तीन महिने," थोरली म्हणाली. "एक दिवस कमी चालणार नाही."

"ताई, तीन महिन्यांत माणूस वाचलेलं विसरतो गं!"

"अगदी बरोबर!" खोकल्याची गोळी या गालातून त्या गालात सरकवत आजोबांनी धाकटीची बाजू उचलून धरली. "माझ्या नातीला आठवडासुद्धा जास्तच होईल. हुशारी आमच्या रक्तातच आहे!"

बराच वाद झाल्यावर तोड निघाली. रविवारी धाकटीने घरीच सराव परीक्षा द्यायची. शंभरात नव्वद मिळाले तर आठवडा, नाहीतर तीन महिने.

रविवारी खोलीचं दार लावता लावता धाकटीने फर्मान काढलं, "हाक नाही, कुजबुज नाही! बाहेर काहीही होवो, मला ऐकू येता कामा नये!"

झालं! अख्खं घर मुकं झालं. रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून बाबा स्टुलावर चढून खिडकीला रजई लावायला गेले आणि रजईसकट खाली आले. पाय चांगलाच मुरगळला, पण पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही! तिकडे किटली शिट्टी मारणार असं दिसताच आईने झडप घालून ती उचलली, तीही नुसत्या हाताने! ओठ चावत तिने स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या, पण अगदी बिनआवाजी. आजोबांनी येणारा खोकला दाबायला आणखी एक गोळी तोंडात टाकली आणि दाराबाहेर खुर्ची मांडून पहारा सुरू केला.

आत धाकटी रंगात आली होती. 'चार रुग्ण आहेत. एक ओरडतोय, एक रडतोय, एक कण्हतोय, एक गप्प आहे. आधी कुणाकडे जाल?' तिला हसूच आलं. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, धोका गप्प बसलेल्याला! तिने ऐटीत खूण केली. शेवटी उत्तरं ताडून पाहिली आणि खुर्चीतून उडीच मारली.

"ब्याण्णव!" दार उघडून ती किंचाळली.

आजोबा दचकले आणि गोळी घशात अडकली.

एकदाची बोलायची मुभा मिळाली म्हणून बाबांनी तुंबलेली बोंब सोडली, "पाय! माझा पाय!"

"पायाचं काय घेऊन बसलात? माझा हात बघा!" आई ओरडली.

आजोबा मात्र दोन्ही हात गळ्याशी धरून गप्प. चेहरा लालबुंद!

धाकटीने तिघांकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"थांबा, थांबा!" ती म्हणाली. "पर्याय काय आहेत?"

तेवढ्यात थोरली ड्यूटीवरून परत आली. पर्स भिरकावून ती बुटांसकट आत धावली, आजोबांना पुढे वाकवलं आणि पाठीत दणादण थापा घातल्या. गोळी टुणकन बाहेर पडली आणि थेट धाकटीच्या हातातल्या उत्तरपत्रिकेवर जाऊन बसली.

धाकटी मटकन आजोबांच्या पायाशी बसली आणि रडायलाच लागली. खरंच घाबरली होती पोर.

"ब्याण्णव मिळाले होते हो, आजोबा..."

आजोबांनी पोटभर श्वास घेतला, नातीच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि थोरलीकडे वळून म्हणाले,

"तीन कमी पडतील गं. चार महिने कर!"