काही कबूल करू नका

"वरणात मीठ जरा जास्तच पडलं," असं आमची बायको जेवताना म्हणाली, की कुंपणापलीकडून आवाज येतो, "वहिनी, काही कबूल करू नका."

हे आमचे शेजारी गुलाबभाऊ वकील. मध्य प्रदेशातल्या सौसरच्या कोर्टात वकिली करतात, म्हणजे काळा कोट घालून खिडकीजवळ बसतात. बाहेर कडुनिंब आहे. साक्ष सुरू झाली की भाऊंची नजर हळूहळू त्या झाडाकडे जाते, आणि मग मनानं भाऊच जातात. जज म्हणतात, "वकील साहब, लौट आइए." भाऊ गोड हसून परत येतात, पण तोवर साक्षीदार घरी पोचलेला असतो.

मी एकदा त्यांची लिंबं न विचारता तोडली. सांगायला गेलो, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "मास्तर, मले काही ऐकू येऊन नाही राहिलं. पडले असतीन लिंबू." वर आणखी चार दिली. मला वाटलं, बुवा तऱ्हेवाईक आहे, दुसरं काय.

एका रविवारी त्यांची गाडी बिघडली, म्हणून मी त्यांना स्कूटरवर बोरगावला घेऊन निघालो. वाटभर संत्र्याच्या बागा फुललेल्या. त्या वासात मागून भाऊ हळूच बोलू लागले.

"बोरगावच्या सुखदेववर मोटरपंप चोरल्याची केस होती, त्याचा वकील मी. पोलिसांनी मारून मारून त्याले मॅजिस्ट्रेटपुढं कबूल कराले लावलं. उलटतपासणीत मले ठाणेदाराले एकच विचाराचं होतं, याच्या पाठीवर वळ कायचे? कबुली उडाली असती. जज म्हणे, कुछ पूछना है? मी झाडाकडं पाहून राहिलो होतो. म्हटलं, जी नहीं."

सुखदेव जेलात गेला, शिक्षा भोगून आला.

"हे त्याले सांगाचं हाय. दर रविवारी जातो, अन् संत्री खाऊन परत येतो."

सुखदेवच्या अंगणात बाज टाकलेलीच होती, वर धुतलेली चादर. भाऊ बसले. आज मी सोबत होतो म्हणून असेल, त्यांना धीर आला.

"सुखदेव, त्या दिवशी कोर्टात मी..."

सुखदेव संत्रं सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "ठाऊक हाय. मी कठघऱ्यातून तुमच्याकडंच पाहून राहिलो होतो."

भाऊंचे ओठ हलले. सुखदेवनं त्यांच्या हातावर फोड ठेवली.

"काही कबूल करू नका, वकीलसाहेब. खा."

भाऊंनी फोड तोंडात टाकली, डोळे पुसले आणि बागेकडे बघत बसले. बघता बघता कोर्टातल्यासारखे मनानं गेले. सुखदेव शेजारी बसून राहिला. त्यांना कोणीच परत बोलावलं नाही.