मांडा हवेत असताना

१९३१ सालच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, तालुक्याच्या मामलेदारांच्या पगडीवर पुरणाचा एक मांडा येऊन पडला. पण याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही, आणि हजर असलेल्या पाच माणसांपैकी पाचही जणांनी तो पाहिलेला नाही. तेव्हा तो पडलाच नाही असे धरून आपण सुरुवातीपासून जाऊ.

तापीकाठच्या त्या गावचे पोलीस पाटील भाईदास. त्यांच्या पाटीलकीची मुदत संपत आली होती आणि पुढच्या मुदतीसाठी मामलेदारांची शिफारस हवी होती. म्हणून चैत्रात, मामलेदार रावसाहेब प्रकाशा गावाच्या रस्त्याने बैलांच्या दमणीतून चालले असताना, पाटलांनी त्यांना जेवायला थांबवून घेतले. रावसाहेब नव्या मतांचे होते, कोणाच्याही घरी जेवत. त्यांच्या नव्या मतांची सुरुवात बहुधा जेवणापासूनच झाली असावी.

बेत खापरावरच्या मांड्यांचा होता. मांडा करायला दोन बायका लागतात. एकीने पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर घ्यायची आणि फिरवत फिरवत कोपराखाली लोंबेल एवढी वाढवायची. दुसरीने चुलीवरच्या पालथ्या खापराशी बसून जाळ सांभाळायचा, आधीचा मांडा उचलायचा, घडी घालायची. हातावरचा मांडा कोणासाठी थांबत नाही. खापर रिकामे व्हायला अर्धा श्वास उशीर झाला तर तो फाटतो. म्हणून इतर घरांत या वेळी दोघींची सारखी हाकाहाक चालते. पाटलांच्या घरात थोरली दगूबाई आणि धाकटी छबूबाई, या दोघी जावा अकरा वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्या अकरा वर्षांत एकही मांडा फाटला नव्हता.

खुणा वगैरे काही नव्हत्या. खूण करायची म्हणजे आधी एकमेकींकडे बघावे लागते. दगूबाईच्या हातावर मांड्याने शेवटची गिरकी घेतली की छबूबाईचे डोके आपोआप डावीकडे झुके, मांडा तिच्या कानावरून खापरावर उतरे, आणि डोके परत जागेवर येई. रशीत, म्हणजे पुरणाच्या कटाच्या आमटीत, मीठ कोणी घालायचे हेही कधी ठरले नव्हते. ते एकदाच पडे.

चार मांडे झाल्यावर रावसाहेबांनी विचारले, "पाटील, आत इतकी शांतता कशी? आमच्याकडे दोन पोळ्या लाटायच्या तरी घर डोक्यावर घेतात."

भाईदासने विषय बदलायला तोंड उघडले, पण त्याचा धाकटा भाऊ नवल, छबूबाईचा नवरा, मनाने फार सरळ. तो म्हणाला, "साहेब, त्या दोन्ही बोलतस कोठे? अकरा वरीस व्हई ग्यात."

रावसाहेबांनी घास ताटात ठेवला. "पाटील, ज्याला घरातला तंटा मिटवता येत नाही तो गावचे तंटे काय मिटवणार? आखाजी झाली की मी पुन्हा येतो. या दोघी बोलताना माझ्या कानांनी ऐकीन, आणि मगच सही करीन."

एवढे बोलून त्यांनी पाचवा मांडा वाढून घेतला.

भाईदासने चौकशी रीतसर चालवली. पंच म्हणून नवलला बसवले आणि आधी आपल्या बायकोचा जबाब घेतला.

"बोल, भांडननं कारन काय?"

"तुम्हले माहीत नही का?"

"माले माहीत शे. कागदले माहीत नही."

"मंग कागदले सांगा," दगूबाई म्हणाली. "ते साल आखाजीले झोका बांधेल व्हता. मी तिले म्हनं, तू बठ पहिले. ती तोंड फिराईसन चालनी गयी."

छबूबाईचा जबाब अवघड होता. ती जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, येत नसे आणि त्याच्याशी बोलत नसे. म्हणून भाईदासने नवलला विचारायचे, नवलने दाराला विचारायचे, आणि दाराआडून येईल ते नवलने परत आणायचे.

"ती म्हनस," नवलने सांगितले, "मीच म्हनं व्हतं, बाई, तुम्हीन बठा पहिले. त्याच तोंड फिराईसन चालन्या ग्यात."

"मंग झोकावर बठनं कोन?"

नवल आत जाऊन आला. "कोनीच नही. दुसरे दिन त्या दोरीले म्हैस बांधी दिन्ही."

भाईदासने निकाल लिहिला आणि मोठ्याने वाचला: दोन्ही पक्षांनी एकाच वेळी एकच आग्रह केला, सबब गुन्हा शाबीत नाही. दोघी जावा गळ्यात पडून रडल्या. नंतर त्या बोलू लागल्या.

अकरा वर्षांचे बोलणे साचले होते आणि त्यांनी ते अगदी पहिल्या वर्षापासून काढले. आठव्या दिवशी त्या दुसऱ्या वर्षाच्या पोळ्यापर्यंत आल्या होत्या. रशी खारट होऊ लागली, कारण आता दोघी एकमेकींना विचारून मीठ घालत. आखाजीला केलेल्या नऊ मांड्यांपैकी सात फाटले, एक चुलीत गेला आणि एक मांजराने नेला.

रावसाहेब यायच्या दिवशी सकाळी भाईदास चुलीपाशी गेला. छबूबाईने पदर ओढून भिंतीकडे तोंड केले.

"आज जरासं कमी बोला," तो दगूबाईला म्हणाला.

"साहेब काय ऐकाले ई ऱ्हायना?"

"तुमनं बोलनं."

"मंग कमी कसं बोलो?"

भाईदास बाहेर येऊन ओट्यावर बसला. त्या बोलल्या तर मांडा जाणार होता आणि नाही बोलल्या तर पाटीलकी.

रावसाहेब आले. पुरावा कानांनी घ्यायचा म्हणून त्यांनी पाट थेट चुलीच्या खोलीच्या दारात मांडायला लावला. आत पहिला मांडा खापरावर होता आणि दुसरा दगूबाईच्या हातांवर फिरत होता.

"टाकू का वं छबू?"

"टाका बाई. थांबा. नही, टाका."

"तू उचली ले पहिले."

"नही बाई, तुम्हीन टाका पहिले."

"नही वं माय, तू पहिले."

रावसाहेब समाधानाने मान डोलवत होते. आग्रह वाढत होता तसा मांडाही वाढत होता. दगूबाई "तू पहिले" म्हणताना छबूबाईकडे वळली, तिच्याबरोबर तिचे हातही वळले, आणि मांडा दारातून बाहेर आला. तो पगडीवर बसला आणि चारी बाजूंनी हनुवटीपर्यंत उतरला. सरकारचा तालुक्यातला सर्वांत मोठा अंमलदार नव्या सुनेसारखा डोक्यावरून पदर घेऊन पाटावर बसून होता.

बोलणे थांबले, आणि सगळे सुरळीत झाले. छबूबाईने मांडा दोन्ही बाजूंनी उचलला, तेव्हा दगूबाईचे हात त्याच्याखाली आलेलेच होते. तो खापराकडे गेला तेव्हा खापर रिकामे होते. नवलने पगडी काढली, भाईदासने ओल्या फडक्याने ती पुसली, फडके दगूबाईकडे गेले, पगडी परत डोक्यावर आली. भाजलेला मांडा घडी होऊन ताटात पडला आणि त्यावर तुपाची धार धरली गेली. छबूबाई दाराआड जाऊनही बसली होती.

रावसाहेबांनी डोळे उघडले.

"पाटील, आत्ता काही झाले का?"

"काय, साहेब?"

रावसाहेबांनी पगडी चाचपली, ताटाकडे पाहिले, एक घास खाल्ला. नंतर त्यांनी सगळा मांडा संपवला. "मागच्यासारखाच झाला आहे," ते शेवटी म्हणाले, आणि हात धुऊन त्यांनी शिफारशीवर सही केली.

पाटीलकी राहिली. जावांचे बोलणेही राहिले. पावसाळ्यापर्यंत त्या साचलेल्या बोलण्यातल्या चौथ्या वर्षावर आल्या. मांडा मात्र त्या घरात पुन्हा झाला नाही. श्रावणात भाईदासने तालुक्याला एक अर्ज पाठवला, तो असा:

"मेहेरबान मामलेदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार पोलीस पाटील विनंती करतो ऐसा जे, आपल्या हुकमावरून मिटवलेला आमच्या घरचा तंटा सालातून दोन दिवस, म्हणजे आखाजी व पोळा, चूल पेटल्यापासून जेवणे आटोपेपर्यंत, पूर्ववत चालू ठेवण्याची परवानगी असावी. दोन्ही पक्षांची संमती घेण्यास गेलो असता प्रत्येकीचे म्हणणे की, पहिला अंगठा दुसरीचा घ्या. तरी पहिला अंगठा कोणी लावावा, याचाही हुकूम मेहेरबानांनी सोबतच द्यावा."