तांबूच्या पिल्लाची खाज

एका जंगलात, म्हणजे तुमच्या आळीत नव्हे, उगीच एकमेकांकडे बघू नका, माकडांचा एक कळप राहत होता. कळपाचा जीव शेंगदाण्यात. पिल्लू जन्मलं की त्याला दाण्याचा लगदा चोळायचा, हा तिथला रिवाज. त्यानं म्हणे अंगाला तुकतुकी येते. चोळायचा मान आत्याबाईंचा. त्या कळपात सगळ्यांत थोरल्या. त्यांचा हात म्हणजे बाभळीची साल, पण बोलणार कोण?

तिथं तांबू नावाची माकडीण बाळंत झाली. पिल्लाचं नाव ठेवलं गोंडू. थोड्याच दिवसांत गोंडूचे गाल लाल झाले. मग कोपरं फाटली, गुडघ्यामागच्या घड्या फाटल्या, पाणी येऊ लागलं. पोर सारखं खाजवायचं. तांबू त्याचे हात धरून बसायची.

आत्याबाई म्हणाल्या, "पोटुशी असताना काय खाल्लंस गं?"

"तुम्ही दिलंत तेच."

"बघा, कशी उलट बोलते! हीच उष्णता. दुधात उतरली."

झालं. तांबूचा आंबा बंद. केळं बंद. चिंच तर बंदच. शेवटी ती वडाची पानं चघळायला लागली. तिची हाडं दिसू लागली, खाज काही जाईना. चोळणं मात्र चालूच. फाटलेल्या कातडीवर जरा जास्तच, कारण पोराला गरज जास्त.

मग उष्टावणाचा दिवस आला. सगळ्यांसमोर गोंडूला वाटलेला दाणा चाटवला. ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तांबूनं त्याला उचललं आणि तळ्याकडे धूम ठोकली. तळ्यावर डॉक्टर बगळा असायचा. त्यानं सुई टोचली, म्हणून पोर वाचलं.

ती परतली तर हुप्प्या, म्हणजे कळपाचा म्होरक्या, वाट अडवून बसलेला. "दाणा न चालणारं माकड? आपल्यात असलं नव्हतं कधी. वर्षभर बघू. नाहीतर मायलेकरांनी बाभळीवर जायचं."

तांबू पुन्हा बगळ्याकडे गेली. "दादा, माझ्या दुधात दोष आहे का हो?"

"ठाऊक नाही. बघावं लागेल."

जंगलभर हशा पिकला. डॉक्टर असून ठाऊक नाही म्हणतो! ज्योतिषी घुबडाला तर न बघता सगळं ठाऊक असतं.

बगळा बघत राहिला. एका पायावर. कुणाचं पिल्लू जन्मतः कोरडं, कुणाची कातडी आधी फाटली, कुणाला काय चोळलं, काय भरवलं, कधी भरवलं. पिल्लांची शीसुद्धा पानात बांधून नेली त्यानं. हसू नका, तुमचीही नेली असती.

वर्ष सरलं. सभा भरली. बगळा म्हणाला, "दोष दुधाचा नाही. गोंडूची कातडी मुळातच कोरडी. ती फाटली आणि फटीतून दाणा आत शिरला. तोंडावाटे वेळेवर घास गेला, तर शरीर त्याला बहुतेकदा पाहुणा समजतं. भिंत फोडून आला की चोर समजतं, आणि पुढं दिसेल तिथं झोडपतं. चोळणं थांबवा. कातडी मऊ ठेवा. धडधाकट पिल्लांना वाटलेला दाणा लवकर चाटवायला लागा. गोंडूला मात्र मला विचारल्याशिवाय देऊ नका. अजून बरंच कळायचंय."

"ते असू दे. चूक कुणाची ते सांग," हुप्प्या म्हणाला.

"कुणाचीच नाही."

सभेत कुजबुज सुरू झाली. चूक कुणाचीच नाही, तर सभा भरवली कशाला?

आत्याबाई ताडकन उठल्या. "म्हणजे माझा हात वाईट? आणि अजून कळायचंय म्हणतोस ना मेल्या? मग कळू दे की आधी!"

टाळ्या पडल्या. बगळ्याचा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला, मानाचा लगदा पंखांना फासला. दाणा वाईट, एवढं त्याचं म्हणणं एकमतानं मान्य झालं. म्हणून ठराव झाला: कोणत्याच पिल्लाला दाणा खाऊ घालायचा नाही. चोळायचा मात्र दुप्पट. खाण्यातली तूट भरून काढायला नको?

मग आत्याबाई लगद्याची टोपली घेऊन गोंडूकडे वळल्या. तांबू आडवी आली.

"हात लावायचा नाही माझ्या पोराला."

"कळपात राहायचंय ना?"

"नाही."

तांबू पोर पोटाशी धरून बाभळीवर गेली. तिथं काटे आहेत. आत्याबाई नाहीत. बगळा येऊन-जाऊन असतो. गोंडूच्या घड्या हळूहळू सुकल्या. दाणा अजून चालत नाही त्याला, पण झोपतो छान, मुठी उघड्या टाकून. तांबूला त्याचे हात धरून बसावं लागत नाही.

इकडे पुढच्या वर्षी कळपात जिकडेतिकडे पिल्लं खाजवायला लागली. आत्याबाईंनी सगळ्या आयांना ओळीनं उभं केलं.

"काय खाल्लंत गं पोटुशी असताना?"

"काही नाही आत्याबाई. तुम्ही सांगितलंत म्हणून वडाची पानंच खाल्ली."

आत्याबाईंनी लगद्याचे हात मांडीला पुसले, विचार केला आणि म्हणाल्या, "मग त्या तांबूचं तोंड पाहिलं असेल."

तात्पर्य: पोराला खाज सुटली की आधी आईला ओरबाडावं. पोराची खाज जात नाही, पण चोळणाऱ्यांच्या हातांकडे कुणी बघत नाही.