मेणाच्या आगांकडे घातलेली मागणी

घर ही राहण्याची नव्हे, दाखवण्याची जागा आहे, हे सत्य मानवजातीला हळूहळू कळत गेले. तुर्कस्तानात, अनातोलियातल्या आमच्या गावाला मात्र ते सरकारी निधी मंजूर झाला त्या दिवशी एकदम कळले.

गावातल्या एका जुन्या लाकडी हवेलीची डागडुजी करून तिचे ‘पारंपरिक गृहजीवन संग्रहालय’ करण्यात आले. हवेलीत माणसे राहत होती तोवर गृहजीवन नीट दिसतच नसे, मध्ये मध्ये माणसे येत. ती काढून पुतळे बसवल्यावर सगळे स्वच्छ दिसू लागले. भिंतीलगतच्या बैठकीवर हुक्का धरलेले मेणाचे आगा म्हणजे घरधनी, जमिनीवरच्या थाळ्याभोवती त्यांचे मेणाचे कुटुंब, आणि भिंतीतल्या कपाटात न्हाणी. (आमचे पूर्वज कपाटात आंघोळ करीत. आम्हाला याचा अभिमान आहे, पण नक्की का ते अजून ठरलेले नाही.) आलेल्या प्रेक्षकांपैकी शेकडा ऐंशी जण स्वच्छतागृह कुठे आहे असे विचारतात. उरलेले वीस ते कपाट उघडून बघतात.

संग्रहालयाचे प्रमुख फेरिदुन बे हे निवृत्त मुख्याध्यापक. (आमच्याकडे पुरुषाला आदराने ‘बे’ म्हणतात, बाईला ‘हानम’.) दारावरची पाटी त्यांनीच लिहिली: ‘तुर्की घरात पाहुणा हा देवाने धाडलेला असतो.’ तिच्याखालची पाटीही त्यांचीच: ‘बसू नये. टेकू नये. हात लावू नये.’ दोन पाट्यांमध्ये विसंगती आहे असे त्यांना कधी वाटले नाही. देवाने धाडले म्हणून काय झाले, शिस्त ती शिस्त.

अशा या फेरिदुन बेंच्या मुलीला, बेल्कीसला, बुर्साहून मागणी घालायला माणसे येणार होती. बेल्कीस आणि कोराय अंकाराच्या एकाच इस्पितळात डॉक्टर होते आणि गेली चार वर्षे जेवण, सिनेमा आणि भांडण ही तिन्ही कामे एकत्रच करीत होते. तेव्हा त्यांनी एकमेकांना रीतसर पाहणे आता फारच निकडीचे झाले होते.

“कार्यक्रम संग्रहालयात करू. सोमवारी बंदच असतं,” फेरिदुन बे बायकोला म्हणाले.

“अहो, आपल्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांची खोली आहे की!” सेनिहा हानम म्हणाल्या. “वर्षभर कुलूप लावून ठेवलीय ती कशासाठी?”

“पाहुण्यांसाठी.”

“मग हे कोण येतायत? मीटर बघायला?”

“सेनिहा, पाहुणे बसवले तर खोली खराब होईल.”

हे सेनिहा हानमना पटले. खोलीतल्या खुर्च्यांवर चादरी त्यांनीच घातल्या होत्या.

नियमानुसार फेरिदुन बेंनी कार्यक्रमासाठी प्रमुखांकडे, म्हणजे स्वतःकडे, परवानगी मागितली. प्रमुखांनी बराच विचार करून ती दिली, पण बसायची सवलत काही दिली नाही. अर्जदाराला वाईट वाटले. तरी वशिला लावायचा नाही, हे त्याचे तत्त्व होते.

सोमवारी पाहुणे आले: कोराय, त्याची आई हाजेर हानम आणि मागणीचे शब्द उच्चारण्यासाठी घरातले वडीलधारे हिकमत काका. फुले होती, चांदीच्या तबकात चॉकलेटे होती. फेरिदुन बेंनी रिवाजाप्रमाणे सर्वांच्या हातावर सुगंधी कोलोन शिंपडले, पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि त्यांना पुतळ्यांपुढच्या दोरीच्या अलीकडे उभे केले.

“बसायचं कुठं?” हाजेर हानमनी विचारले. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते.

“बसण्याची पारंपरिक पद्धत समोर मांडलेलीच आहे,” फेरिदुन बे अदबीने म्हणाले. “कॉफी आता या फिरत्या कपाटातून येईल. पलीकडच्या बायकांच्या खोलीतून तबक ठेवायचं, कपाट फिरवायचं, की इकडे कॉफी. कुणी कुणाला दिसत नाही.”

“मी चार वर्षं बघतोय तिला,” कोराय म्हणाला.

“ते पारंपरिक नव्हतं.”

कॉफी झाल्याशिवाय मुलगी मागायची नाही आणि नवऱ्या मुलाने मिठाची कॉफी तोंड वाकडे न करता प्यायची, ही आमची रीत. पलीकडे बेल्कीसने आईच्या ठेवणीतल्या सोनेरी कपांचे तबक कपाटात ठेवून ते फिरवले. कपाट अर्धे फिरले आणि अडकले. डागडुजीच्या वेळी ते पुरते फिरून झिजू नये म्हणून अर्ध्यावर स्क्रू मारण्यात आला होता. आदेशावर सही फेरिदुन बेंची होती.

“बाबा, ढकला!” कपाटातून आवाज आला.

“हात लावता येत नाही, बाळा!”

या गडबडीत हिकमत काकांना वाटले, कॉफी झाली. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. ते दोरी ओलांडून सर्वांत मानाच्या जागी बसलेल्या गृहस्थांसमोर गेले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, “अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबराच्या शब्दानं तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो.”

मेणाचे आगा काही बोलले नाहीत.

काकांनी पुन्हा, जरा मोठ्याने मागितली. मग वळून म्हणाले, “हाजेर, माणूस गर्विष्ठ आहे. साधं हूं म्हणत नाही.”

“अहो काका, पुतळाय तो!” कोराय ओरडला.

“मुलीच्या बापाला असं बोलू नये.”

“बापानं बसू दिलं नाही, कॉफी दिली नाही, आणि आता हे!” हाजेर हानम कडाडल्या. “चल रे कोराय. या घरात आपलं जमायचं नाही.” आणि त्या पिशव्या फडफडवत निघाल्या.

फेरिदुन बेंचे तोंड आगांसारखे झाले. एक ‘बसा’ म्हटले असते तर मुलगी सुखी होणार होती. पण तो शब्द त्यांच्या अधिकारात बसत नव्हता.

जिन्याखाली पहारेकऱ्याची खोली आहे. तिथे सेनिहा हानम शेगडीवर मिठाची कॉफी वेगळी उकळत होत्या. दारातून जाणाऱ्या विहीणबाईंची चाल त्यांनी पाहिली.

“अगंबाई, गुडघे का? बसा आधी!” असे म्हणून त्यांनी एक प्लॅस्टिकचे स्टूल पुढे सरकवले.

हाजेर हानम बसल्या. गप्पांत आधी गुडघे निघाले, मग डॉक्टर, मग नवरे. सोनेरी कप कपाटात अडकलेले, म्हणून पहारेकऱ्याच्या चहाच्या पेल्यांतून कॉफी दिली गेली. कोरायने मीठ डोळे मिटून प्यायले. फेरिदुन बे पोचले तेव्हा हिकमत काकांचे मागून झाले होते, बायकांचे देऊन झाले होते, आणि बेल्कीस सासूच्या पायातल्या पिशव्या काढत होती.

“या, या, बसा,” हाजेर हानम त्यांना म्हणाल्या. फेरिदुन बे आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालयात बसले.

या प्रसंगातून त्यांनी योग्य तो बोध घेतला. खरे गृहजीवन पहारेकऱ्याच्या खोलीत घडते हे सिद्ध झाल्यामुळे तिला तात्काळ दोरी लावण्यात आली, स्टुले जमिनीला ठोकण्यात आली, आणि पहारेकरी हल्ली चहा रस्त्यावर उभा राहून पितो.

तबक अजून फिरत्या कपाटात आहे. स्क्रू काढायचा अर्ज फेरिदुन बेंच्या विचाराधीन आहे. दरम्यान प्रेक्षकांची सर्वाधिक गर्दी फटीतून दिसणाऱ्या त्या कपांपुढेच होते, म्हणून ‘ठेवणीतल्या कपबशा’ असे स्वतंत्र दालन उघडायचे ठरले असून त्यासाठी देशोदेशीच्या घरांतून संच मागवीत आहोत. तुमचाही चालेल, तो हो, वरच्या फळीवरचा, कुणी खास आले की काढू म्हणून ठेवलेला. अट एकच: संच कधीही वापरलेला नसावा. ही अट पुरी न करणारे घर आम्हाला अजून सापडलेले नाही.